ती सांगून का टाकत नाही?

मराठी मालिका बघणाऱ्या घरांत संध्याकाळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: ती सांगून का टाकत नाही? ‘ठरलं तर मग!’मधली सायली करारी लग्नाचं गुपित मनात ठेवून सुभेदारांच्या घरात सून म्हणून वावरते. ‘रंग माझा वेगळा’मधल्या दीपावर नवरा संशय घेतो आणि ती त्याच्यासमोर पुरावा ठेवण्यापेक्षा घर सोडणं पत्करते. ‘लक्ष्मी निवास’मधल्या जान्हवीचा नवरा तिचा श्वाससुद्धा मोजत असतो, तरी माहेरी ती सगळं छान चाललंय असंच भासवते. प्रश्न बहुतेक वेळा वैतागून विचारला जातो. मला मात्र तो मालिकेतल्या माणसांच्या मनाचा आणि नात्यांचा अर्थ लावताना सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न वाटतो.

कारण त्याची उत्तरं तीन प्रकारची असतात. एक, तिने सांगितलं तर मालिका संपेल. दोन, तिने सांगितलं तर घरात काय होईल याची तिला धास्ती आहे. तीन, न सांगण्यात तिला स्वतःला काही मिळतंय किंवा काही जपता येतंय. पहिलं उत्तर लेखकाच्या गरजेचं आहे, दुसरं घराच्या रचनेचं, तिसरं त्या माणसाच्या स्वभावाचं. चांगल्या मालिकेत दुसरं आणि तिसरं उत्तर इतकं भक्कम असतं की पहिल्याची आठवण होत नाही. वाईट मालिकेत पहिलंच उरतं.

पहिल्या उत्तराकडे तुच्छतेने बघून चालणार नाही. मालिकेतल्या माणसाचं मन ज्या कारखान्यात घडतं त्याची रीत समजल्याशिवाय त्या मनाबद्दल बोलणं अपुरं राहतं. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं मजकूर, आठवड्याला सहा भाग, मधूनच रविवारचा महाएपिसोड. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांपुढे बहुधा वेगवेगळी नावं असतात, म्हणजे पात्राने काय करायचं हे एक जण ठरवतो आणि ते करताना त्याने काय बोलायचं हे दुसरा. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आली की ट्रॅक ताणला जातो. दर आठवड्याला ‘बार्क’चे टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांवर एखादी बहीण अचानक दुष्ट होते किंवा एखादा नवरा अचानक सुधारतो. कलाकारही बदलतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, पुढे पुन्हा रसिकाने. शनायाचा स्वार्थ कागदावर तोच होता, पण एकीच्या चेहऱ्यावर तो लाडावलेपणातून आलेला दिसे आणि दुसरीच्या चेहऱ्यावर हिशेबातून. पात्राचा हेतू लेखकाइतकाच नटाच्या डोळ्यांतही असतो.

शिवाय बऱ्याच मालिका दुसऱ्या भाषेतून येतात. ‘ठरलं तर मग!’चं मूळ तमिळ ‘रोजा’मध्ये आहे, ‘रंग माझा वेगळा’चं मल्याळम ‘करुतमुत्तु’मध्ये, ‘लक्ष्मी निवास’चं कन्नडमध्ये. घटना तयार मिळतात, पण त्यामागची कारणं मराठी घरात नव्याने शोधावी लागतात. ‘आई कुठे काय करते!’ हे याचं उत्तम उदाहरण. लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली बंगाली ‘श्रीमयी’ २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये संपली. तिच्यावरून आलेली मराठी मालिका डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. याच गोष्टीवरची हिंदी ‘अनुपमा’ २०२० पासून वेगळ्याच दिशेने गेली. म्हणजे मूळ गोष्ट संपल्यावरही अरुंधती देशमुख जवळजवळ तीन वर्षं जगत राहिली. पुढे तिने काय करावं हे तिच्या स्वभावावरूनच ठरवावं लागलं, आणि त्या मालिकेचं यश आणि अपयश दोन्ही तिथेच सापडतात.

अरुंधती (मधुराणी प्रभुलकर) पहिल्या काही महिन्यांत गप्प असते. नवरा अनिरुद्ध (मिलिंद गवळी) कचेरीतल्या संजनात गुंतलाय हे प्रेक्षकाला ठाऊक, तिला नाही. ते कळल्यावरही ती लगेच घर डोक्यावर घेत नाही. आजूबाजूच्यांनी या गप्प राहण्याला सहनशीलता म्हटलं. माझं वाचन वेगळं आहे. अरुंधतीने पंचवीस वर्षं त्या घरात कामाच्या बदल्यात एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे आपण इथे हव्या आहोत ही खात्री. नवऱ्याचं प्रकरण बोलून दाखवणं म्हणजे ती खात्री खोटी होती हे कबूल करणं. म्हणून ती आधी घरातल्या प्रत्येकाची सोय बघते, सासऱ्यांचं औषध, मुलांचे डबे, आणि मग स्वतःच्या दुःखाकडे वळते. जिने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट इतरांना आवरून दिली ती स्वतःचा अपमानही आवरूनच घेणार. हे लेखनात होतं, आणि मधुराणीच्या हातांच्या हालचालींत त्याहून जास्त होतं.

तिच्या शेजारी वीस वर्षांपूर्वीची सुधा जोशी ठेवून पाहावी. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या, विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘आभाळमाया’मधली सुधा (सुकन्या कुलकर्णी) प्राध्यापिका होती, मिळवती होती. नवरा शरद (मनोज जोशी) दुसरीकडे गुंतला तेव्हा तिच्याही बोलण्यात संयम होता, पण तो संयम पायाखाली जमीन असलेल्या बाईचा होता. तिला जायचं झालं तर जाता येणार होतं. अरुंधतीला आधी जमीन तयार करायची होती, म्हणून तिला इतका वेळ लागला. दोघींचं गप्प राहणं पडद्यावर सारखं दिसलं तरी त्याचं कारण त्यांच्या हातातल्या पैशाशी बांधलेलं आहे, आणि नात्यांचा अर्थ लावताना हा पैसा आपण फार लवकर विसरतो.

अनिरुद्धकडे बघण्याची आपली पद्धतही उतावळी आहे. त्याला ‘वाईट नवरा’ म्हणून मोकळं होता येतं. पण हा माणूस संजनाबरोबर सुखी होत नाही आणि अरुंधती आशुतोष केळकरशी लग्न करते तेव्हा त्याला ते सोसत नाही, हे नुसतं मत्सराने समजत नाही. त्याला दोन बायका एकाच वेळी हव्या होत्या असंही नाही. त्याला स्वतःबद्दलची दोन मतं हवी होती. अरुंधतीने त्याला कर्ता पुरुष मानावं आणि संजनाने त्याला अजून तरुण, अजून कर्तबगार मानावं. एकीने ते मत काढून घेतल्यावर दुसरीचं मत त्याला पुरत नाही. गवळींनी त्याला एकाच वेळी तापट आणि केविलवाणा ठेवला, म्हणून त्याचा राग येतानाही तो ओळखीचा वाटत राहिला.

पण या मालिकेतलं माझ्या मते सर्वांत अवघड पात्र सासूचं, म्हणजे कांचनचं (अर्चना पाटकर). सासरे अप्पा सुनेच्या बाजूने उभे राहतात, कांचन मुलाच्या. ती अरुंधतीला दोष देते, आणि तीच तिच्यावाचून अडते. बाईने बाईची बाजू का घेऊ नये, असं घरोघरी विचारलं गेलं. कांचनने स्वतःचं सगळं आयुष्य ज्या नियमावर काढलं तो नियम अरुंधती मोडत होती. सुनेला बरोबर म्हणायचं तर आपण जे गिळलं ते गिळायची गरज नव्हती, हे मान्य करायला लागतं. सत्तरीच्या आसपासच्या बाईकडून ही मागणी फार मोठी आहे. तिचा दुष्टपणा म्हणून जो दिसतो त्यातला बराचसा भाग स्वतःच्या गेलेल्या वर्षांची राखण आहे. कांचनला हे बोलून दाखवणारा एकही सरळ प्रवेश नसता तरी चाललं असतं, कारण तिच्या वागण्यातून ते रोज दिसत होतं.

प्रेक्षकाने लावलेला अर्थ आणि निर्मात्याचा हेतू यांत अंतर पडणं ही गोष्ट नवी नाही. दूरदर्शनवर १९८४-८५ मध्ये गाजलेली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ सामाजिक शिकवण देण्याच्या उद्देशाने आखली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्याचा अर्थही समजावत. तिच्यातली सोशिक भगवंती हे ‘असं राहू नका’ सांगणारं पात्र होतं. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी अभ्यास केला तेव्हा अनेक प्रेक्षकांनी, त्यांत बायकांनीही, भगवंतीलाच आदर्श मानलं होतं असं आढळलं. याला प्रेक्षकांचा अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. भगवंतीचं सोसणं त्यांना पराभव वाटलं नाही, कारण त्यांच्या घरात ते सोसणं हेच घर टिकवणारं काम होतं आणि त्याला दाद देणारं दुसरं कुणी नव्हतं. डच अभ्यासक इएन आंग यांनी ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका बघणाऱ्यांना पत्रं पाठवायचं आवाहन केलं, तेव्हा त्यांना ४२ उत्तरं मिळाली. त्यांवरच्या पुस्तकातलं त्यांचं मुख्य म्हणणं असं की टेक्सासमधल्या तेलसम्राटांचं ऐश्वर्य खोटं आहे हे बघणाऱ्यांना पुरतं ठाऊक असतं, पण त्यातली भावना त्यांना खरी वाटते. मराठी मालिकेतली सून पैठणी नेसून झोपते याला आपण हसतो आणि तिचा अपमान झाला की गप्प होतो, ते याच कारणाने.

टॅनिया मॉड्लेस्की या अमेरिकी अभ्यासकांनी १९८२ मध्ये आणखी एक निरीक्षण मांडलं: मालिका बघणारी बाई आदर्श आईच्या जागी बसवली जाते, तिने सगळ्यांना समजून घ्यायचं असतं, सगळ्यांची बाजू ऐकायची असते. या समजूतदारपणाचा शीण खलनायिका हलका करते, कारण तिला जे हवं ते ती उघडपणे मागते. आपल्या खलनायिकांकडे या नजरेने पाहिलं की बरंच दिसतं. ‘ठरलं तर मग!’मधली प्रिया घ्या. ती अनाथाश्रमात वाढलेली मुलगी. किल्लेदारांची हरवलेली मुलगी तन्वी आपणच आहोत असं भासवून ती दुसरीच्या घरात, दुसरीच्या आईच्या कुशीत शिरते. खरी तन्वी म्हणजे सायली, तीही त्याच आश्रमात वाढली. दोघींची भूक एकच आहे, घर असण्याची. सायली ती भूक दाबते आणि सगळ्यांची सेवा करून घर मिळवते. प्रिया ते ओरबाडते. मालिका एकीला देवी करते आणि दुसरीला डाकीण, पण दोघींच्या हेतूचं मूळ सारखं आहे ही गोष्ट लेखनात पेरलेली असूनही फार क्वचित वापरली जाते. प्रियाच्या तोंडी कारस्थानांऐवजी कधी तरी नुसती भीती आली असती, पकडली गेले तर पुन्हा त्या पत्र्याच्या खाटेवर जावं लागेल ही, तर जुई गडकरीच्या सायलीलाही तोलामोलाचं कुणी समोर मिळालं असतं.

कराराच्या लग्नाचंही तसंच. सतीश राजवाडे यांच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये (२०१२) घनश्यामला अमेरिकेला जायचं असतं, राधाला लग्नच करायचं नसतं, म्हणून दोघं नंतर वेगळं होण्याच्या बोलीवर लग्न करतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांची ती मालिका काही महिन्यांत आटोपली, म्हणून तिच्यातली प्रत्येक चुप्पी कुठे तरी पोहोचायची. राधा बोलत नाही कारण प्रेम कबूल करणं म्हणजे करार मोडणं, आणि ती शब्द मोडणारी नाही. सायली आणि तिचा नवरा अर्जुन यांच्या करारामागची कारणं खरं तर अधिक वजनदार होती. तिला आश्रमात वाढवणाऱ्या, आता तुरुंगात असलेल्या मधुभाऊंना सोडवायचं आहे, त्याला नको असलेलं लग्न टाळायचं आहे. पण वर्षानुवर्षं प्रत्येक कबुलीच्या क्षणी फोन वाजतो, दार वाजतं, कुणी तरी हाक मारतं. एकदा दार वाजलं की योगायोग, दहाव्यांदा वाजलं की सायलीचा संकोच तिचा राहत नाही.

‘रंग माझा वेगळा’मध्ये याच्या दोन्ही बाजू दिसतात. आपण बाप होऊ शकत नाही अशी दीपाच्या नवऱ्याची, कार्तिकची समजूत, म्हणून गरोदर दीपावर संशय. कार्तिक डॉक्टर आहे. एक डीएनए चाचणी करून घेतली असती तर गोष्ट मिटली असती, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. इथवर ते लेखकाच्या सोयीचं. पण दीपाच्या बाजूने पाहिलं तर तिचा नकार मला पूर्ण पटतो. जन्मभर रंगावरून पारख झालेली ही बाई. आता चारित्र्याचीही चाचणी द्यायची? सीतेच्या अग्निपरीक्षेची गोष्ट ज्या समाजात प्रत्येक आजी सांगते, तिथे ‘मी सिद्ध करणार नाही’ असं म्हणणारी सून हा हट्ट नसतो, ती एक भूमिका असते. रेश्मा शिंदेला ते साधलं होतं. गोऱ्या नटीला काळा रंग फासून काळेपणाची गोष्ट सांगण्यातला दोष मात्र तिच्या अभिनयाने झाकला जात नाही, आणि पात्राच्या अपमानाचा अर्थ लावताना तो सारखा आडवा येतो.

काही मालिका सगळ्या हेतूंचा अर्थ मागाहून बदलतात. ‘तुला पाहते रे’ (२०१८-१९) सुरुवातीला प्रौढ, श्रीमंत, सभ्य विक्रांत सरंजामे आणि त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान ईशा यांची प्रेमकथा होती. अर्ध्यावर उलगडलं की पहिली पत्नी राजनंदिनी हिच्या मृत्यूमागे तोच आहे आणि ईशा तिचाच पुनर्जन्म. सुबोध भावेंनी तोच शांत आवाज कायम ठेवला. जी काळजी आधी माया वाटत होती, तीच आता पाळत वाटू लागली. पुनर्जन्माचा भाग मला भरताड वाटला, पण हा उलटा प्रवास मोलाचा होता. वयाने, पैशाने, अनुभवाने मोठ्या पुरुषाची प्रत्येक गोष्टीत लक्ष घालण्याची सवय आपण प्रेम म्हणून किती सहज खपवून घेतो हे त्याने दाखवलं. ‘रात्रीस खेळ चाले’ने हेच काळाच्या उलट्या क्रमाने केलं. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवात अण्णा नाईकांच्या मरणाने होते, २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अण्णा (माधव अभ्यंकर) जिवंत आहेत. त्यांचा शेवट आपल्याला ठाऊक, म्हणून आपण फक्त कारणं बघतो. त्यांची प्रेयसी शेवंता (अपूर्वा नेमळेकर) वाड्याबाहेर आणि बायको माई वाड्यात. माईला सगळं माहीत आहे आणि ती बोलत नाही. कोकणातल्या त्या घरात बोलून जायचं कुठे, हा प्रश्न कुणी उच्चारत नाही, पण प्रत्येक प्रवेशात तो हजर असतो. घराच्या रचनेतून आलेल्या मौनाचं इतकं निखळ चित्र मराठी मालिकांत दुसरं नाही.

२०१६ मध्ये वाई भागात उघडकीला आलेल्या खूनप्रकरणाची प्रेरणा असलेली ‘देवमाणूस’ (२०२०) आणखी वेगळी. तोतया डॉक्टर अजितकुमार देव (किरण गायकवाड) खून करतो हे प्रेक्षकाला पहिल्यापासून दिसतं. त्याला कुठलंही करुण बालपण द्यायची घाई मालिका करत नाही. मग लक्ष गावाकडे जातं. लोक त्याला देव का मानतात? कारण रात्री-अपरात्री धावून येणारा दुसरा डॉक्टर नाही. गावाची गरज हाच त्याचा बुरखा आहे.

सध्याच्या मालिकांत याच्या उलट पद्धत बोकाळली आहे. ‘लक्ष्मी निवास’मधला जयंत (मेघन जाधव) जान्हवीवर नजर ठेवतो, शिक्षा करतो, आणि त्याचं प्रेम किती अफाट आहे हे सांगत राहतो. प्रेक्षकांनी त्याला विकृत म्हणून लगेच ओळखलं, ही समाधानाची गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी अशाच वागण्याला ‘फार जीव आहे हो तिच्यावर’ म्हटलं गेलं असतं. माझी धास्ती वेगळी आहे. अशा पात्राला भूतकाळातली एखादी जखम दिली की त्याचा हेतू समजल्यासारखा वाटतो, आणि समजला की माफ केल्यासारखा वाटतो. जखमेचं कारण सांगणं आणि आज केलेल्या कृतीचा जाब विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं जान्हवीच्या बाजूने व्हायला हवं. ती माहेरी बोलत नाही, कारण आई-वडील घराच्या स्वप्नासाठी आधीच पिचलेले आहेत आणि सुखवस्तू घरात पडलेली लेक ही त्यांची एकमेव निश्चिंती आहे. जयंतला ते पुरतं ठाऊक आहे. तिचं मौन त्याच्या सत्तेचा भाग आहे. या दुव्यावर मालिका थांबली तर ती आज मराठी पडद्यावर चाललेलं सगळ्यात गरजेचं काम करेल.

मुलगा आणि आई या नात्यात मराठी लेखक सर्वाधिक निर्भय असतात असं मला वाटतं. ‘अग्गंबाई सासूबाई’मधल्या आसावरीने (निवेदिता सराफ) मुलगा सोहमला इतकं जपलं की तो निकामी झाला. ‘बबड्या’ म्हणून सगळा महाराष्ट्र त्याच्यावर चिडला, पण त्याला बबड्या कुणी केलं हे मालिकेने लपवलं नाही. सुनेने सासूचं लग्न लावून द्यावं आणि मुलाने आड यावं, यातला सोहमचा विरोध संस्कारांचा नव्हता. आई कुणाची तरी बायको झाली तर आपली चाकरी कोण करणार, एवढाच तो होता.

आणि ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मधली भुवनेश्वरी (कविता लाड-मेढेकर). स्वतः न शिकलेली, अधिपतीला जन्म न दिलेली, तरी त्याला हाताखाली वाढवलेली बाई. त्याचं शिक्षण अपुरं राहिलं त्यात तिचा हात आहे. मास्तरीण असलेली सून अक्षरा घरात आल्यावर ती तिला पाण्यात पाहते. सत्ता, पैसा, मालमत्ता ही कारणं मालिका पुढे करते. पण अधिपती जेवायला बसला की तिच्या नजरेत जे येतं ते हिशेबाचं नाही. रक्ताचं नातं नसलेल्या आईकडे मुलाला बांधून ठेवणारी एकच दोरी असते, त्याचं तिच्यावाचून अडणं. तो शिकला, वाचू लागला, जग बघू लागला तर ती दोरी सुटेल. तिने त्याला अडाणी ठेवलं ते त्याच्यावर प्रेम नसल्यामुळे नाही. ते प्रेम आहे म्हणूनच तिचा गुन्हा मोठा आहे, आणि अक्षराने त्याच्या हातात पाटी दिली तेव्हा भुवनेश्वरी जी चवताळली तिचं कारण मालमत्तेच्या कागदांत शोधूनही सापडणार नाही.